मतदान शांततेत पार पडले

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी मुलीचा अमेरिकेतून फोन आला, तेव्हा मी कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. आमची सकाळ म्हणजे तिची संध्याकाळ. कामावरून आली की स्वयंपाक करता करता ती आमच्याशी बोलते. त्या दिवशी मागे भांड्यांचा आवाज नव्हता.

"बाबा, मी आता पुन्हा निवडणुकीचं काम करणार नाही," ती म्हणाली. "मला खूप राग आली आहे. आणि भीती पण."

तिचं मराठी असंच आहे. ती कोलकात्यात जन्मली, इथल्या शाळेत शिकली, मैत्रिणींशी बंगालीत भांडली. बंगालीत राग काय आणि भीती काय, सगळ्यांना एकच लिंग, म्हणून मराठी बोलताना ती अजून चुकते. एरवी आम्ही हसतो. त्या दिवशी हसलो नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. रेल्वेत लागलो आणि बदली होऊन गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत आलो. दोन वर्षांत परत जायचं असं बायकोला सांगून आणलं होतं, त्याला आता पस्तीस वर्षं होतील. निवृत्त झाल्यावरही आम्ही इथेच राहिलो. मुलगी शिकायला अमेरिकेत गेली, तिथेच जन्मलेल्या एका बंगाली मुलाशी लग्न केलं, आणि काही वर्षांनी तिथली नागरिक झाली. एका लहानशा गावात ती सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. नागरिक झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर मतदान केंद्रावर मदतनीस म्हणून नाव नोंदवलं. त्या देशात हे काम गावातलेच लोक हौसेनं करतात. मला तेव्हा नवल वाटलं होतं. आमच्या कचेरीत निवडणुकीची ड्यूटी लागली की निम्मे लोक डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला धावायचे.

झालं होतं ते असं. त्यांच्या गावात स्थानिक निवडणूक होती. संध्याकाळी मतदान संपलं, मतपेट्यांना सील लागलं, आणि मुलगी आपल्या गाडीकडे निघाली. बाहेर दहा-बारा माणसं उभी होती. मतं चोरली जात आहेत, असं ओरडत होती. त्यांतला एक साठीचा माणूस तिच्या चांगला ओळखीचा निघाला. तो ग्रंथालयात यायचा. पेन्शनचे अर्ज कॉम्प्युटरवर कसे भरायचे, हे तिनंच त्याला शेजारी बसून शिकवलं होतं. त्यानं हातातल्या झेंड्याच्या काठीनं तिच्या गाडीची समोरची काच फोडली. ती आत बसलेली होती. खिडकीशी वाकून तो म्हणाला, "तू कुठे राहतेस ते मला माहीत आहे." चार दिवसांनी ग्रंथालयाच्या दारावर तिच्या घराचा फोटो कुणीतरी चिकटवून गेलं.

पोलिसांनी त्याला पकडलं, गुन्हा नोंदवला. आता सरकारी वकिलाला तिची साक्ष हवी होती.

"मग दे ना साक्ष," मी म्हणालो.

"कशाला, बाबा? इथल्या संसदेवर जमाव चालून गेला, पोलिसांना मारलं, सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. कोर्टात शिक्षा झाल्या, आणि त्या लोकांना शेवटी राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली. मग माझ्या गाडीच्या काचेचं काय घेऊन बसलात?"

मी फोन बायकोच्या हातात दिला. तिनं नेहमीप्रमाणे एकच विचारलं, "इकडे कधी येतेस?"

डिसेंबरात मुलगी तीन आठवड्यांसाठी आली. जावई तिकडेच राहिला, त्याला सुट्टी नव्हती. विमानतळावर तिला पाहिलं तर बारीक झालेली, आणि सारखी मागे वळून बघण्याची नवीच सवय लागलेली. घरी पहिले दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी थालीपीठ खाताना तिच्या फोनवर वकिलाच्या कचेरीचा निरोप आला. साक्ष देणार का, महिन्याअखेरपर्यंत कळवा. तिनं फोन पालथा ठेवला.

बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही तिला त्या शाळेतलं सांगा ना. तुमचं ते मतदानाचं."

"कुठल्या शाळेतलं?" मुलीनं विचारलं. तिला ठाऊकच नव्हतं. ती तेव्हा दहा वर्षांची होती, आणि बाबा निवडणुकीच्या ड्यूटीवरून आले ते दोन दिवस कुणाशी बोललेच नाहीत, एवढंच तिला आठवत होतं.

मग मी सांगितलं. मला एका गावच्या मतदान केंद्राचा केंद्राध्यक्ष नेमलं होतं. कोलकात्यापासून बसनं तीन-चार तास. दोन खोल्यांची प्राथमिक शाळा, बाजूला तळं, दाराशी लाठीवाले दोन शिपाई. हाताखाली तिघं. त्यांतला एक कोलकात्यातल्याच खिदिरपूरच्या शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर होता. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, किडकिडीत, धोतर नेसणारा. त्याच्याकडे मतदारांच्या सह्या घ्यायचं रजिस्टर होतं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. बायकांची रांग तळ्यापर्यंत गेली होती. अडीचच्या सुमाराला तळ्याच्या काठी गावठी बॉम्ब फुटला. रांग एका क्षणात नाहीशी झाली. शिपाईही दिसेनासे झाले. तोंडाला गमछे बांधलेली वीसेक माणसं आत आली. त्यांचा म्होरक्या मला म्हणाला, "साहेब, तुम्ही आरामात बसा. तुमचं काम आम्ही हलकं करतो."

मास्तर उठला नाही. रजिस्टरवर दोन्ही हात पसरून त्यानं ते छातीशी धरलं. "या सह्या माणसांच्या आहेत," तो म्हणाला. "ती माणसं आल्याशिवाय मी पान उलटणार नाही." त्याच्या खांद्यावर लोखंडी सळई बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर पाऊण तास ती माणसं मशीनवर मतं टाकत होती.

"आणि तुम्ही?" मुलीनं विचारलं.

"मी काय करणार? बसून होतो. पण संध्याकाळी केंद्राध्यक्षाच्या डायरीत जे झालं ते सगळं लिहिलं. त्यावरून तिथलं मतदान रद्द झालं, फेरमतदान झालं. पुढे कोर्टात आम्ही दोघांनी साक्षही दिली."

"बघ," बायको म्हणाली. "आणि एकाला शिक्षासुद्धा झाली."

"एकालाच?"

"एकाला. बाकीचे पुराव्याअभावी सुटले," मी म्हणालो.

मुलीनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही शूर आहात. मी नाही." आणि उठून आत गेली.

ते वाक्य मला फार लागलं, कारण मी तिला खोटं सांगितलं होतं. सगळं नाही, एक गोष्ट. पण तीच मुख्य होती. आणि ती मी बायकोलाही इतकी वर्षं सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच म्हणाली, "ते मास्तर अजून आहेत का? मला त्यांना भेटायचंय." मास्तर होते. दर वर्षी विजयादशमीला आमचा फोन व्हायचा, पण प्रत्यक्ष भेट सहा-सात वर्षांत झाली नव्हती. ती टाळणारा मीच होतो. काहीतरी सबब सांगावी असं मनात आलं, पण तोवर बायकोनं त्यांना फोन लावलासुद्धा.

रविवारी सकाळी आम्ही तिघं खिदिरपूरला गेलो. गोदीच्या भिंतीला लागून एक रस्ता जातो, त्यावरच्या एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर मास्तर आणि त्यांची विधवा बहीण राहतात. मास्तरांनी जिन्याच्या तोंडाशी येऊन आमचं स्वागत केलं. केस पूर्ण पांढरे झालेले, डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली. तो तसाच जुळला होता. "एशो मा," म्हणजे ये गं पोरी, असं म्हणत त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. बहिणीनं मैद्याच्या पुऱ्यांसारखी लुची आणि नव्या गुळाची संदेश मिठाई पुढे केली. दहा मिनिटांत मुलगी त्या घरातलीच झाली. बंगालीत ती मराठीपेक्षा मोकळी होते, हे मला नेहमीच थोडं बोचतं, पण त्या दिवशी बरं वाटलं.

तिनं आपली हकिकत सांगितली. काच, काठी, फोटो. संपल्यावर मास्तरांनी दोनच प्रश्न विचारले.

"काच फुटली तेव्हा मतं मोजून झाली होती?"

"नाही. दुसऱ्या दिवशी मोजली."

"बरोबर मोजली?"

"हो. दोन्ही पक्षांची माणसं समोर होती."

"मग तो हरला," मास्तर म्हणाले आणि संदेशाचा तुकडा तोंडात टाकला.

मुलगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग म्हणाली, "काका, बाबांनी मला तुमच्या शाळेतलं सांगितलं. त्यांनी डायरीत सगळं खरं लिहिलं ते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "हो मा. तुझ्या बाबांनी लिहिलं. स्वच्छ अक्षरात, अडीच पानं. त्याच्यामुळेच फेरमतदान झालं."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि तरी त्यांनी मला वाचवलं होतं. बावीस वर्षं ते मला असेच वाचवत आले असणार. कोर्टात, शाळेत, या घरात. हातातली बशी खाली ठेवून मी म्हणालो, "नाही. मास्टरमोशाय, मला बोलू द्या."

"दादा, राहू द्या ना. मुलीला लुची खाऊ द्या."

"नाही. तिला कळायला हवं."

मी मराठीत सुरुवात केली, मग मास्तरांना कळावं म्हणून बंगालीत आलो. त्या संध्याकाळी, ती माणसं निघून गेल्यावर, मी शाळेच्या बाकावर डायरी उघडली. बाहेर अजून उजेड होता. जिल्ह्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याचा नुकताच फोन येऊन गेला होता. त्यानं धमकी वगैरे दिली नाही, उलट फार गोड बोलला. "तुमची मुलगी लहान आहे म्हणे. कशाला कोर्टकचेऱ्यांत पडता? एक ओळ लिहा आणि घरी जा." मी ती ओळ लिहिली. 'मतदान शांततेत पार पडले.' खाली सही केली.

मास्तर कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. गमछ्याची झोळी करून हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक. मला वाटलं त्यांना ग्लानी आली आहे. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "सर, काय लिहिलंत ते जरा वाचून दाखवाल?"

मी वाचून दाखवलं.

ते म्हणाले, "असं असेल तर माझं हाड कशानं मोडलं?"

एवढंच. रागावले नाहीत, आरडाओरडा केला नाही. भूगोलाच्या तासाला विचारावं तसं विचारलं. मी ती ओळ खोडली, बाजूला आद्याक्षरं केली, आणि खाली पहिल्यापासून सगळं लिहून काढलं. माझं धैर्य म्हणायचं ते एवढंच. त्यांनी विचारलं नसतं तर त्या गावातल्या बायकांना पुन्हा मत देता आलं नसतं, आणि मी आयुष्यभर रजिस्टरवरचे ते दोन हात आठवत बसलो असतो.

मी बायकोकडे पाहायचं टाळत होतो. शेवटी तीच म्हणाली, "अहो, मला तेव्हाच सांगायचं होतं ना. मी काय टाकून दिलं असतं तुम्हाला?" मास्तरांच्या बहिणीला मराठी येत नाही, पण सूर कळला असावा. तिनं बायकोच्या बशीत आणखी एक लुची वाढली.

मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत होती. "म्हणजे तुम्ही आधी घाबरलात?"

"हो."

"खूप?"

"खूप. ते खोडलेलं वाक्य वकिलानं पुढे कोर्टात मला दाखवलं. म्हणाला, आधी शांततेत लिहिलंत, मग बदललंत, यातलं खरं कुठलं? मी म्हणालो, पहिलं भीतीनं लिहिलं, दुसरं खरं आहे. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं."

मास्तर हसले. "ते उत्तर मात्र मी शिकवलं नव्हतं. ते दादांचं स्वतःचं."

परतताना माझेरहाटहून मेट्रो घेतली. गाडी जवळजवळ रिकामी होती. मुलगी माझ्या शेजारी बसली आणि लहानपणी बसायची तशी खांद्याला डोकं टेकून राहिली. बेहालाच्या स्टेशनचा जिना उतरताना म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुमचं ऐकून मला वाटलं होतं की हे काम आपलं नाही. ते वेगळ्या, न घाबरणाऱ्या माणसांचं आहे." दुपारी तिनं साक्ष देणार असं वकिलाच्या कचेरीला कळवून टाकलं.

खटला एप्रिलच्या शेवटी चालला. साक्षीच्या दिवशी जावयानं सुट्टी घेतली आणि तिला कोर्टात घेऊन गेला. आमची ती सकाळ फार लांबली. बायकोनं दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो गार झाला. फोन आला तेव्हा मुलीचा आवाज दमलेला होता, पण ओझं उतरल्यासारखा.

तिनं सगळं क्रमानं सांगितलं. गावातलीच बारा माणसं ज्यूरीत होती. एक गवंडी, एक परिचारिका, एक जण तिच्या ग्रंथालयात मासेमारीची पुस्तकं न्यायला येणारा. त्यांतल्या निम्म्या लोकांनी तरी त्या माणसाच्याच पक्षाला मत दिलं असणार, एवढं गाव ती ओळखते. त्याच्या वकिलानं तिला विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? ती म्हणाली, "कोलकात्याची. पण काच इथे फुटली." दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. बाराही जणांनी एकमतानं त्याला दोषी ठरवलं होतं. काही महिन्यांचा तुरुंगवास, आणि तिच्यापासून दूर राहण्याचा हुकूम.

"शिक्षा ऐकल्यावर तो माझ्याकडे वळला, बाबा. म्हणाला, मतं चोरली गेली असं मला अजून वाटतं. पण तुला घाबरवायला नको होतं. तू मला चांगली वागवली होतीस."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मला त्याची कीव आली. की आला?"

"आली," मी म्हणालो. "या वेळी बरोबर आहे."

या एका निकालानं तो देश सावरेल असं मला वाटत नाही. तिथली वर्तमानपत्रं मी मोबाइलवर रोज वाचतो. वर बसलेल्यांनी माफ्या वाटायच्या आणि खाली गावातल्या बारा जणांनी एका काचेचा न्याय करायचा, यातलं शेवटी कोण टिकेल, ते मला कळत नाही. जावई तर म्हणतो, पुढची मोठी निवडणूक नीट पार पडेल याची खात्री आज कुणीही देऊ शकत नाही. त्यांनी घराला कॅमेरा बसवला आहे. मुलगी अजून गाडीत बसण्याआधी एकदा मागे पाहते. पण जूनमध्ये त्यांच्या गावात शाळा समितीची निवडणूक झाली, तेव्हा ती पुन्हा मतदान केंद्रावर गेली. तिच्यासोबत या वेळी दोन नवीन मदतनीस होत्या, आणि त्यांना काम शिकवायला तिलाच सांगितलं होतं.

मी आता दर गुरुवारी खिदिरपूरला जातो. मास्तरांना कमी दिसायला लागलं आहे, म्हणून मी त्यांना बातम्या वाचून दाखवतो. अमेरिकेचं पान आलं की ते मान पुढे काढून ऐकतात, कारण तिथे आता त्यांचंही माणूस आहे. बायकोही कधी कधी येते आणि मास्तरांच्या बहिणीबरोबर स्वयंपाकघरात बसते. दोघींचं कुठल्या भाषेत चालतं ते देव जाणे, पण आमच्या घरी हल्ली बंगाल्यांसारखी बटाट्यात खसखस पडायला लागली आहे.

गेल्या गुरुवारी आम्ही तिथे असतानाच मुलीचा फोन आला. मास्तरांनी तो माझ्या हातून घेतला आणि जूनच्या मतदानाची बारीकसारीक चौकशी केली. शाई लावता का? नाही? मग एकाच माणसानं दोनदा मत दिलं तर? सह्या जुळवून पाहता? छान. आणि दुपारचं जेवण कोण देतं?

"कुणी नाही, काका. प्रत्येकानं आपापला डबा न्यायचा."

मास्तर थक्क झाले. फोनवर तळहात ठेवून ते मला म्हणाले, "दादा, एवढा मोठा देश, आणि निवडणुकीच्या माणसांना भातसुद्धा देत नाही?" मग फोन पुन्हा कानाला लावून त्यांनी माझ्या मुलीला, पुढच्या वेळी डब्यात काय न्यायचं, ते सविस्तर सांगायला सुरुवात केली.